शेवटच्यानं मेन पाडायचा

"काका, एक वेळ माणूस हरवेल, पण फाइल हरवत नाही!"

सृष्टीनं हे वाक्य अर्जुनरावांच्या ओट्यावर, चहाचा कप हातात धरून, अख्ख्या यात्रा कमिटीदेखत फेकलं. वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण कुठं आणि कुणाविषयी बोललो, हे तिच्या ध्यानात आलं ते सगळे गप्प झाल्यावर. तिनं घाईघाईनं मोठा घोट घेतला. चहा उकळता होता. जीभ भाजली. तेव्हाच शहाणी झाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं!

गोष्ट साधी होती. सृष्टीचे वडील, गेनबा (पोरांचे नाना), म्हणजे चाकण पट्ट्यातल्या बैलगाडा घाटांचा, शर्यतीच्या त्या चढांचा, आवाज. दिवसा कंपनीत प्रेस मशीनवर उभे राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी घाटात माइक धरायचे. गाडा सुटला की ते असे काही ओरडायचे, की बैलांच्या आधी माणसंच पळायला लागायची! गेल्या उन्हाळ्यात गेनबा गेले. आता उद्या, रविवारी, गावच्या घाटात शर्यती होत्या आणि कमिटीनं ठरवलं होतं, की पहिला गाडा गेनबांच्याच आवाजावर सोडायचा.

"रेकॉर्डिंगं आहेत ना गं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"आहेत की! थोडी दादाच्या मोबाइलमध्ये, थोडी स्पीकरवाल्या तौसिफच्या पेनड्राइव्हमध्ये. सगळी एका जागी आणते. अहो काका, माझं कामच ते आहे!"

ते खरंच तिचं काम होतं. हिंजवडीच्या एका कंपनीत ती फाइल सिस्टीम तपासायची. फाइल सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली मांडणी. कुठली वस्तू कुठल्या डब्यात, हे लक्षात ठेवणारी. सृष्टीच्या कंपनीनं नवीन बनवली होती. बाजारात यायची होती. सृष्टीनं तिला हरतऱ्हेनं छळून पाहिलं होतं. फक्त एक छळ राहिला होता. काम चालू असताना मध्येच वीज गेली तर? तो मुद्दा तिनं मीटिंगमध्ये काढला, तेव्हा साहेब हसले होते. "मध्येच प्लग कोण काढतं? असा माणूस दाखवा मला!"

सगळे हसले होते. मुद्दा मागं पडला होता.

शनिवारी दुपारी सृष्टीनं नवी कोरी डिस्क आणली, तिच्यावर आपल्याच कंपनीची फाइल सिस्टीम चढवली (घरचं सोडून बाहेरचं कशाला?), डिस्कची पिन भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसली, दुसरं टोक लॅपटॉपला लावलं आणि कामाला लागली. पहिल्या शिफ्टवरून आलेला गोरक्ष, म्हणजे तिचा थोरला भाऊ, मोबाइल नाचवत उभा होता.

"सृष्टे, कॉपी नको करू, कट कर! मोबाइल भरलाय माझा. साधा फोटो निघंना!"

आता, शहाणा माणूस आधी कॉपी करतो, तपासतो, मग मूळ काढतो. सृष्टी हे नव्या मुलांना शिकवायची! पण घरची फाइल सिस्टीम, स्वतः तपासलेली, आणि समोर दादा. तिनं दोन्हींकडचं सगळं कट केलं आणि पेस्ट दाबलं. मोबाइल आणि पेनड्राइव्ह चटकन रिकामे झाले, ते गोरक्षनं काढून घेतले (पेनड्राइव्ह तौसिफला पोचवायचा होता), आणि डिस्कवर सामान लावणारी पट्टी हळूहळू सरकायला लागली. चरून परतणाऱ्या म्हशीसारखी, निवांत.

तेवढ्यात अर्जुनरावांची जीप दारात आली. "सृष्टी, चल, घाटातले स्पीकर बघून घे, कुठं लावायचे सांग!"

"आई," निघताना सृष्टी म्हणाली, "कॉम्प्युटरला हात लावू नको हं."

"न्हाई गं बाई. मी कशाला लावू?" शकूबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी तो शब्द पाळला. कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावलं नाही!

आता या घराची एक रीत सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी घरात कोणी नसताना वायर तापून कडब्याची गंज पेटली होती. तेव्हापासून गेनबांचा कायदा: घरातून शेवटी निघेल त्यानं मेन स्विच पाडायचा. फ्रिजमधलं दूध नासलं तर नासू दे. लग्नाला जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, कुलपाआधी मेन. घाटात पोचल्यावर गेनबा फोनवरून खात्री करून घ्यायचे. गेनबा गेले, कायदा राहिला. त्या दुपारी गोरक्ष बैलांची पूजा बघायला गेला, मागोमाग शकूबाई ओटी घेऊन देवळात निघाल्या. शेवटच्या त्याच होत्या.

खट्!

सृष्टी परत आली ती घामाघूम आणि खुशीत. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर जिवंत होता. पडद्यावर एक चौकट होती. 'ही डिस्क वाचता येत नाही. फॉरमॅट करायची का?' खाली दोन बटणं. हो. नाही.

तिनं वाकून डिस्ककडं पाहिलं.

डिस्कचा दिवा विझलेला. तिनं वर पाहिलं. पंखा थांबलेला. ती दाराशी गेली आणि मेनची खाली झुकलेली दांडी बघितली. सगळं एका क्षणात कळलं.

मागून गोरक्ष आला. "काय विचारतोय? फॉरमॅट करायची का? मग हो म्हण की! एवढं अदबीनं विचारतोय..." आणि त्याचं बोट निघालं.

"दादाऽऽऽ!"

तिच्या किंकाळीनं शेजारच्या गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. गोरक्षचं बोट बटणाच्या वर तरंगत राहिलं.

"फॉरमॅट म्हणजे पुसून टाकायचं! नाना आहेत त्यात!"

बोट मागं आलं. गोरक्षनं ते दुसऱ्या हातात धरून ठेवलं, आपणहून पुढं जाईल की काय म्हणून.

"पण कट तर केलंयस ना तू? मग कुठंतरी असंलच!"

"टेम्पोत होतं," सृष्टी म्हणाली. "असं समज, जुन्या घरातलं सामान टेम्पोत भरलं, जुनं घर झाडून दुसऱ्याला दिलं, आणि नव्या घराच्या दारात टेम्पो उलटला. शहाणी सिस्टीम आधी दारावर लिहून ठेवते काय काय यायचंय ते, आणि सगळं आत लागल्याशिवाय जुनं घर सोडत नाही. आमची..." ती थांबली. "आमची जरा घाईची आहे. दादा, तुझा मोबाइल दे. पुसलेलं सुद्धा परत काढता येतं, वर दुसरं काही भरलं नसेल तर."

गोरक्षचा चेहरा पडला. "रिकामा झाला ना मोबाइल... बैलांची पूजा शूट केली. सगळी. गच्च भरला परत."

तौसिफला फोन लावला. "ताई, पेनड्राइव्ह? हां, रिकामा दिसला, भरून टाकला की. उद्याची सगळी गाणी आहेत त्यात. डीजे फुल्ल! का हो?"

म्हणजे आता नाना फक्त या मुक्या डिस्कमध्ये होते. असले तर.

तेवढ्यात शकूबाई देवळातून आल्या. आत शिरताना त्यांनी सवयीनं मेन वर केला. पंखा फिरायला लागला. "काय झालं गं? तोंड का असं झालंय तुझं?"

सृष्टीनं आईकडं पाहिलं. कपाळावर अंगारा, हातात नारळाची वाटी. या बाईला सांगायचं, की तू नानांचा आवाज पुसलास? नानांचाच नियम पाळताना?

"काही नाही आई. मध्येच लाइट गेली वाटतं. डिस्क जरा रुसली."

"लाइट गेली?" शकूबाईंनी वाटी खाली ठेवली. पदर खोचला. "आज? यात्रेच्या वक्ताला? थांब, बघतेच त्या वायरमनकडं!"

"अगं आई, नको..."

पण आई गेली होती! आणि थोड्याच वेळात चहाच्या टपरीवरून उचललेल्या वायरमनला पुढं घालून आली.

"वहिनी, लाइट गेलीच न्हाई!" तो बिचारा कळवळून सांगत होता. "सकाळधरनं डोळ्यांत तेल घालून बसलोय!"

"मग माजी पोर खोटं बोलती व्हय रे? शिकलेली हाय ती! हिंजवडीला जाती!"

वायरमननं सृष्टीकडं पाहिलं. सृष्टीनं छताकडं पाहिलं.

"व्होल्टेज कमी-जास्त झालं असेल," ती पुटपुटली.

वायरमनच्या जिव्हारी लागलं. "व्होल्टेज? माझ्या लाइनचं? आता बघाच तुम्ही. एकन् एक जोड तपासतो!" आणि तरातरा निघून गेला.

इकडं सृष्टीनं साबियाला बोलावलं होतं. साबिया म्हणजे ही फाइल सिस्टीम लिहिणाऱ्यांतली एक. कासारवाडीची, सृष्टीची ऑफिसातली मैत्रीण. स्कूटरवरून, चाकणच्या ट्रकांमधून वाट काढत, हेल्मेटवर धुळीचा थर घेऊन ती पोचली. घरात शिरल्या शिरल्या तिनं विचारलं, "प्लग कोणी काढला?"

"हळू बोल! आईनं. मेनच पाडला."

"या अल्ला! पण सर तर म्हणाले होते, असं कोणी करतच नाही."

"सर आमच्या आईला भेटले नाहीत अजून."

साबियानं डिस्क लावली, आपलं दुरुस्तीचं हत्यार चालू केलं. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. पोरी श्वास रोखून बघत होत्या. शकूबाई मागून डोकावल्या.

"तांदळात ठिवायची का? गोरक्षचा मोबाइल पाण्यात पडला तवा तांदळातच वाचला."

"मावशी, ही भिजली नाही."

"मग काय झालंय तिला?"

"ती... घाबरली आहे," साबिया म्हणाली.

शकूबाईंनी समजुतीनं मान हलवली, आत गेल्या आणि मीठमोहऱ्या घेऊन आल्या. डिस्कवरून ओवाळून टाकल्या. तेवढ्यात एक तुकडा सापडला! मग दुसरा! सृष्टीनं साबियाचा दंड घट्ट धरला. आणि...

फट्! पंखा बंद. डिस्कचा दिवा बंद. अख्खी वाडी बंद!

"आता कुणी पाडला?" सृष्टी ओरडली.

बाहेरून, खांबावरून आवाज आला, "डीपीवरनं लाइन बंद केलीया! जोड तपासतोय! आता कुणी म्हणू दे व्होल्टेज कमी म्हणून!"

साबियानं कपाळ धरलं. खोटं बोलायला तिला एक वाक्य लागलं होतं. त्या वाक्यानं सगळी वाडी अंधारात घातली होती. दिवस कलत होता आणि वायरमन एकेक जोड नव्या नवरीच्या गजऱ्यासारखा निरखत होता. त्याला हाक मारून उपयोग नव्हता, तो खरं-खोटं करायला वर चढला होता.

साबिया डिस्कची पिन उलटीसुलटी करून बघत होती. "बारा व्होल्ट," ती म्हणाली. "गोरक्षदादा, तुमची पिकअप कुठंय?"

"दारात. का?"

"तिची बॅटरी पण बाराच. माझे अब्बा गाड्यांचं वायरिंग करतात. एक वायर द्या, बघते."

मग जे दृश्य झालं ते पाहायला आळीतली पोरंटोरं जमली! पिकअपचं बॉनेट उघडं, बॅटरीतून निघालेली वायर खिडकीतून आत, सीटवर चौघडी अंथरून त्यावर डिस्क ठेवलेली, शेजारी लॅपटॉप, आणि दोन पोरी वाकून बघतायत. एखाद्याला वाटावं, गाडी बाळंत होतीय.

"हॉर्नला हात लावायचा नाही! दिवे लावायचे नाहीत! दार आपटायचं नाही!" सृष्टी गोरक्षला बजावत होती. गोरक्ष स्टीअरिंगपासून हातभर लांब, पाहुण्यासारखा बसला होता.

शकूबाई जवळ आल्या. पिकअपची किल्ली त्यांच्या नजरेस पडली. हात आपसूक पुढं झाला.

"आईऽऽ!" तिघंही एकदम ओरडली.

"बंद गाडीला किल्ली कशाला? तुमचे नाना म्हणायचे..."

"माहीत आहे आई, नाना काय म्हणायचे!" सृष्टी म्हणाली. तिनं पडद्याकडं तोंड फिरवलं.

ओळी थांबल्या. साबियानं यादी उघडली. नावं सगळी उडाली होती. कुठला घाट, कुठला दिवस, काही नाही, नुसते नंबर. एक लावून बघितला. घुंगरं आणि खरखर. दुसरा. खरखर. तिसऱ्यात कोणीतरी शिट्टी मारली आणि संपलं. गोरक्ष सीटची रेक्झिन नखानं उचकटत होता. आणखी एक. खरखर. आणखी एक.

"हॅलो. हॅलो. माइक येक, दोन..."

नाना!

दाराशी उभ्या शकूबाईंनी खिडकीची काच धरली. वर्षभरानं तो आवाज त्या सीटवर बसला होता, ठणठणीत, घसा खाकरून.

सृष्टीनं बंदचं बटण दाबलं.

"अगं, पुढचं ऐक तरी!" साबिया म्हणाली.

"उद्या," सृष्टी म्हणाली. "सगळ्यांबरोबर. आत्ता नको." तिनं ती फाइल एका पेनड्राइव्हवर घेऊन गोरक्षच्या हाती दिली. गोरक्ष ती तौसिफला देऊन आला. जाताना वरच्या खिशावर हात ठेवून गेला, येतानाही तसाच.

सकाळी लाइट सुरळीत होती. साबिया लवकर येऊन बसली होती. "बाकीचे तुकडे डिस्कवरच आहेत. लॅपटॉपवर घ्यायला लावते. खरखरीच्या मागं अजून काही असेल. पण मध्ये थांबलं, तर ही डिस्क तिसरा धक्का सहन करणार नाही."

म्हणून सृष्टीनं या घरात कधी न झालेली गोष्ट केली. शेवटी निघाली आणि मेनवर पुठ्ठा चिकटवला: 'हात लावू नये'. कुलूप लावताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

"मेन पाडलास?" वाटेत शकूबाईंनी विचारलं.

"हूं," सृष्टी म्हणाली.

घाट गच्च भरला होता. फेटे, धूळ, भंडारा, भेळेच्या गाड्या. पहिला गाडा जुंपून तयार. अर्जुनरावांनी माइक घेतला. "मंडळी, आज पहिला गाडा सोडणार आपले गेनबा! टोप्या काढा!" सगळा घाट उभा राहिला. बैलसुद्धा शांत. तौसिफनं बटण दाबलं.

"हॅलो. हॅलो. माइक येक, दोन..."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गाडा धरणाऱ्यांनी पाय रोवले. आता ती आरोळी येणार!

स्पीकरमधून मोबाइलची रिंग वाजली.

"हां, शके, बोल," गेनबा सगळ्या घाटाला म्हणाले. माइक चालू राहिला होता, त्यांना पत्ता नव्हता. "व्हय, पोचलो. घरातनं शेवटी कोण निघालं? ... मग मेन पाडला का?"

आणि बायकांच्या घोळक्यातून शकूबाईंचा खणखणीत आवाज आला, "पाडलाय वो! काल मी पाडला व्हता, आज सृष्टीनं पाडलाय!"

खांबाशी उभा असलेला वायरमन गर्रकन वळला. "काल? काल दुपारी? म्हंजी लाइट वहिनींनीच..." त्यानं सृष्टीकडं असं पाहिलं, की तिनं अर्जुनरावांच्या आड सरकायचा प्रयत्न केला. अर्जुनराव तेवढे रुंद नव्हते.

शकूबाईही वळल्या. "सृष्टे, पाडलास न्हवं?"

सृष्टीनं आधी आईकडं, मग स्पीकरकडं पाहिलं.

"न्हाई?" वरून गेनबा गरजले. "आगं मग हुबी काय राहिलीस? जा आधी!"

सगळा घाट एकदम हसला. गाडेवाल्यांना वाटलं हाच इशारा. त्यांनी गाडा सोडला! बैल उधळले, धूळ उठली, आणि त्या धुळीतून सृष्टीला दिसलं, वायरमननं मोटरसायकलला किक मारली होती आणि तिची आई मागं बसत होती.

"बसा वहिनी, पोचवतो! एकदाचं कळू दे सगळ्यांना, कोण पाडतं ते!"

"आई, नको! डिस्क चालू आहे!" सृष्टी धावत सुटली. पण लोकांनी 'पुन्हा, पुन्हा' असा गलका केला होता आणि तौसिफनं पुन्हा लावलं होतं. सगळ्या स्पीकरांतून एकदम, चारी दिशांनी: "जा आधी!" मुलीचं ऐकायचं की त्या आवाजाचं, हा प्रश्न शकूबाईंना पडलाच नाही.

सृष्टी धापा टाकत घरी पोचली, तेव्हा वायरमन परत गेला होता. मेन खाली होता. पुठ्ठा काढून, नीट घडी करून, कोनाड्यात ठेवलेला होता. आत डिस्कचा दिवा विझलेला. आई उंबऱ्यावर बसली होती.

"ह्याच्यामुळंच गेलं व्हय गं कालचं?"

सृष्टी तिच्या शेजारी बसली. आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं, आणि खरं तेवढं वाईटही वाटेना.

"मेन तू पाडलास. पण तेवढ्यानं जायला नको होतं, आई. चांगली बनवलेली असती तर राहिलं असतं. घरात माणसं असणार, ती मेन पाडणार. बनवणाऱ्यानं ते धरून चालायला हवं."

"मग काय उरलं?"

"तौसिफकडं आहे तेवढं. माइक येक दोन, आणि मेन."

शकूबाईंनी जरा विचार केला. लांबून, घाटाकडून, वाऱ्यावर पुन्हा एकदा ऐकू आलं: मेन पाडला का?

"पुरं हाय," त्या म्हणाल्या. "घाटातलं सगळ्यांनी ऐकलंय. हे माजं व्हतं."

सोमवारी ऑफिसात सृष्टीनं सगळ्यात आधी त्या फाइलच्या चार प्रती चार ठिकाणी ठेवल्या. मग तो मागं पडलेला मुद्दा पुन्हा उघडला. 'ही चूक प्रत्यक्षात घडते का?' या रकान्यात लिहिलं: 'घडते. आमच्याकडे रोज.' आणि खाली, 'चूक पुन्हा घडवून बघायची असल्यास काय करावे?' या रकान्यात, साहेबांच्या माहितीसाठी, घरचा पत्ता देऊन लिहिलं:

'आईला घरात शेवटी ठेवून सगळ्यांनी बाहेर पडावे.'